राखून ठेवलेली कुस्ती

मी घर बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी माझ्या अंगावर मीठ टाकलं. अंगावर म्हणजे अगदी डोक्यावर नव्हे, पण दार उघडल्या उघडल्या एक मूठ मीठ उंबऱ्यावर असं भिरकावलं की निम्मं माझ्या बुटांत गेलं. मला वाटलं, म्हातारबुवा दृष्ट काढतायत. नागपूरला माझी मावशी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची, पण ती निदान आधी सांगायची. पाया पडावं की आल्या पावली स्टेशन गाठावं, अशा विचारात मी असताना ते अतिशय गंभीरपणे कमरेत वाकले आणि म्हणाले, "या. आखाडा शुद्ध झाला. खोली वर डावीकडे आहे. हीटिंग सहा ते आठ."

लंडनच्या कडेला, पिनरमधल्या त्या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्यांशी एक भिंत वाटून घेणाऱ्या घरात मी तीन वर्षं राहिले. घरमालक रिटायर्ड डॉक्टर, ऐंशीला टेकलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, मूळचे सांगलीकडचे. उंची जेमतेम सव्वापाच फूट, आणि वजन भिजवून केलं असतं तरी पन्नास किलो भरलं नसतं. अशा या माणसाने आयुष्याची तीस वर्षं एका सुमो पैलवानावर मराठीत पुस्तक लिहिण्यात घालवली होती. पैलवानही आजचा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मातीआड झालेला. त्याचं नाव ते कधी घेत नसत. "नाव घेतलं की तो जपानचा होतो," म्हणायचे. घरात तो नुसता 'आमचे पैलवान'. पहिला आठवडाभर माझी समजूत होती की माळ्यावर आणखी एक भाडेकरू राहतो.

सकाळी सहाला घर हादरायचं. एक पाय बाजूला उंच उचलायचा आणि धाडकन जमिनीवर आपटायचा, मग दुसरा. सुमोवाले हा व्यायाम रोज शेकड्यांनी करतात, डॉक्टर वीस करायचे. पन्नास किलोंचा माणूस असा किती हादरा देणार? पण इथल्या घरांचे मजले लाकडी, त्यामुळे शेजारच्या इंग्लिश बाईंच्या कपाटातल्या कपबश्या खणखणायच्या. बाई तक्रार घेऊन आल्या की डॉक्टर आधी, सुमोवाले कुस्तीआधी रिंगणात टाकतात तसं, मीठ टाकत, मग दार उघडत, सगळं वाकून ऐकून घेत आणि "यू आर अब्सोल्यूटली राइट" म्हणत. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा धाडधाड.

रात्रीचं जेवण एकाच पातेल्यात. जपानी पैलवान खातात तशी सगळं एकत्र घालून केलेली भाजी. फक्त डॉक्टरांच्या पातेल्यात मुगाची डाळ, कोबी, तोफू आणि वरून गोडा मसाला असे. जपानी माणसाने ओळखलं नसतं आणि सांगलीच्या माणसाने कबूल केलं नसतं, पण जानेवारीत ट्रेनच्या गोंधळातून भिजत घरी आल्यावर त्या पातेल्याइतकं चांगलं मी इंग्लंडमध्ये काही खाल्लेलं नाही.

आमच्या पैलवानांची हकिकत मला त्या पातेल्याभोवतीच कळली, तीही तुकड्या-तुकड्याने आणि उलटसुलट. उत्तरेकडच्या एका सरदाराच्या पदरी तो होता, म्हणजे आपल्याकडे संस्थानिक पैलवान पोसायचे तसाच. हा धागा सापडला तेव्हा डॉक्टरांना म्हणे अख्खी रात्र झोप आली नव्हती. त्यांचे आजोबा तालमीतले वस्ताद. नातू मात्र किडकिडीत निघाला, म्हणून त्याला पुस्तकांकडे वळवलं गेलं. सुमोच्या अगदी सुरुवातीच्या ज्या मोजक्या पैलवानांना कमरेला जाडजूड पांढरा दोर बांधायचा मान मिळाला, त्यांतला हा एक. वर्षानुवर्षं त्याला कोणी पाडू शकलं नाही. तोही जरा फुशारला होता. मला आडवा पडलेला बघायचा असेल तर सर्दी-तापात बघायला या, असं तो म्हणायचा म्हणे.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, फ्लूनेच गेले," डॉक्टर म्हणाले. घरचं कोणी परवा गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "शेवटच्या कुस्तीपर्यंत जिंकत होते. फ्लूने!"

म्हणून त्या घरात राहण्याची एक लेखी अट होती: दर ऑक्टोबरला फ्लूची लस. पहिल्या वर्षी मी टाळाटाळ केली तर ते स्वतः मला फार्मसीत घेऊन गेले, आणि लस देणाऱ्या मुलीला त्यांनी असा काही नमस्कार केला की ती बिचारी गोंधळून म्हणाली, "इट्स ओन्ली अ जॅब, लव्ह."

किचनमध्ये फ्रिजशेजारी मराठी कॅलेंडर होतं. त्यावर ते रोजच्या कुस्त्यांचे निकाल मांडायचे. जिंकलो तर पांढरं वर्तुळ, हरलो तर काळं. कुस्त्या म्हणजे काय, तर कौन्सिलला पाठवलेलं पत्र, बागेत घुसणारा कोल्हा, जीपीच्या रिसेप्शनिस्टशी अपॉइंटमेंटवरून झालेली झटापट. त्या रिसेप्शनिस्टपुढे तीन वर्षं सलग काळी वर्तुळं. आणखी एक खूण होती, त्रिकोण. एकदा आमची ब्राऊन बिन, म्हणजे ठरलेल्या दिवशी रस्त्यावर ठेवायची बागेच्या कचऱ्याची पेटी, शेजारच्या बाईंनी आपली म्हणून आत नेली. दोघांकडेही पुरावे होते, आणि डॉक्टरांनी मला पंच म्हणून मध्ये उभं केलं. मी म्हणाले, "अहो, मला नाही कळत कोणाची ते."

"उत्तम!" ते खूश झाले. "मग राखून ठेवा."

जुन्या सुमोत अशी सोय होती. निकाल लागेना, किंवा लागलेला निकाल कोणाच्या तरी फार जिव्हारी लागेल असं दिसलं, तर पंच कुस्ती राखून ठेवायचा. म्हणजे बरोबरी नव्हे. निकाल आहे, पण तो पंचाच्या हवाली. कोणी मागायचा नाही. "आपल्याकडे कुस्ती सोडवतात, तिथे ठेवतात," डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवशीच्या चौकटीत त्रिकोण काढला. तेव्हापासून मला ते 'पंच' म्हणायला लागले. जपानात बाईला त्या रिंगणात पाऊल टाकायची बंदी आहे, हे मी कुठेतरी वाचून त्यांना ऐकवलं. "असेल," ते म्हणाले, "हे पिनर आहे."

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे, मलाही. पण एकदा मात्र मला चांगलंच झापलं. माझा व्हिसा वाढून मिळाला तो दिवस. ईमेल वाचून मी किचनमध्ये दोन्ही मुठी वर करून किंचाळले, नाचलेसुद्धा. तेव्हा खालच्या खोलीत नाशिकचा एक मुलगा राहत होता, त्याचा अर्ज आठवड्यापूर्वीच फेटाळला गेला होता आणि तो टेबलाशी बसून टोस्ट खात होता. डॉक्टरांनी मला बाहेर बागेत नेलं.

"जिंकल्यावर चेहरा हलवायचा नाही," ते म्हणाले. "आमचे पैलवान कधी हसले नाहीत. समोर हरलेला उभा असतो, पंच."

मला लाज वाटली. रागही आला, कारण ते खरं होतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मे महिन्याच्या अठरा तारखेला कॅलेंडरवर वर्षाच्या सुरुवातीलाच एक त्रिकोण काढलेला असे. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की भिंतीवर लावायच्या आधी डॉक्टर मेचं पान उघडून तो काढून ठेवत. अजून न आलेल्या दिवसाची कुस्ती आधीच राखून ठेवलेली? विचारलं की म्हणत, "जुनी आहे," आणि पातेल्यात पळी फिरवत बसत.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, सहा वाजताच्या धाडधाडीत, उजवा पाय वर असताना डावा घसरला. हिप मोडलं. हॉस्पिटलमधून ते वॉकर घेऊन परत आले तेव्हा आणखीच लहान दिसत होते. व्यायाम आता खुर्चीत बसून, टाचा आपटून. शेजारच्या बाई सूप घेऊन आल्या आणि जाता जाता मला हळूच म्हणाल्या की घर फार शांत झालंय, झोप लागत नाही.

"पंच," ते एका रविवारी म्हणाले, "पुस्तक संपायला हवं."

सातशे पानं हाताने लिहिलेली, तीही डॉक्टरी अक्षरात. मी ती रविवारी टाइप करून द्यायला लागले. ते शेजारी बसून मला न लागलेले शब्द वाचून दाखवत. असं करता करता आम्ही त्या प्रकरणापर्यंत आलो.

गोष्ट अशी सांगतात की एकदा आमच्या पैलवानांसमोर एक किडकिडीत, खालच्या पायरीवरचा पैलवान उभा राहिला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिची सेवा करून करून पोराच्या अंगात त्राण उरलेलं नाही. हरला तर त्याचं सगळंच संपणार. आमच्या पैलवानांना हे कळलं होतं. ते भिडले, जरा झुंजले, आणि पडले. कधीही न पडणारा माणूस आपण होऊन पडला. खरं-खोटं कोणाला माहीत नाही, पण डॉक्टरांनी या एका कुस्तीवर ऐंशी पानं लिहिली होती आणि तिला नाव दिलं होतं 'सर्वांत मोठा विजय'.

टाइप करता करता मी म्हणाले, "छान आहे हो."

"छान आहे ना?" ते म्हणाले. मग त्यांनी आपण होऊन मला अठरा मेची गोष्ट सांगितली.

ते आणि त्यांचा एक मित्र एकाच विमानाने या देशात आले होते. मित्र गिरगावचा, दांडगा, सहा फुटी. एकाच हॉस्पिटलात नोकरी, एकाच खोलीत दोन गाद्या, एकाच कुकरमध्ये भात. पुढे छातीच्या रोगांच्या कन्सल्टंटची एक जागा निघाली. परदेशी डॉक्टरांना तेव्हा असल्या जागा सहसा मिळत नसत. या खेपेला मात्र शेवटच्या यादीत हे दोघेच उरले. हे जास्त हुशार, असं सगळे म्हणत. तो मित्रही म्हणत असे. पण मित्राच्या घरी दोन लहान मुलं, आणि हे सडेफटिंग. इंटरव्ह्यूच्या दिवशी, अठरा मेला, डॉक्टर गेलेच नाहीत. ताप आल्याचं कळवलं आणि दिवसभर वॉटफर्डच्या एका बागेत बाकावर बसून राहिले. मित्राला जागा मिळाली. यांना पुढे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात टाकलं गेलं आणि तिथेच ते रिटायर झाले.

"मग यात राखून ठेवायचं काय आलं?" मी विचारलं.

"मी सांगितलं ना त्याला," ते म्हणाले. "म्हणजे, सगळ्यांनाच सांगितलं."

मित्राच्या रिटायरमेंटची पार्टी होती. वॉटफर्डमध्ये हॉल घेतलेला, दीडशे माणसं, बायको, मुलं, सुना, हॉस्पिटलातले सहकारी. डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. यांनी माइक हातात घेऊन आमच्या पैलवानांची ही गोष्ट सांगितली, रंगवून, दहा मिनिटं. आणि शेवटी म्हणाले, "अशीच एक कुस्ती मीही एकदा लढलो." मग त्या बाकाचं सगळं सांगून टाकलं. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण मैत्रीचं कौतुक करतो आहोत. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मित्र उठला, यांच्यापाशी आला, कानात एवढंच म्हणाला, "नुरा कुस्ती लढलास माझ्याशी," आणि निघून गेला. नुरा म्हणजे आतून ठरवलेली, खोटी. पैलवानाच्या नातवाला याहून मोठी शिवी नाही.

त्याला बारा वर्षं झाली होती. वॉटफर्ड पिनरपासून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

मला त्या दिवशी डॉक्टरांचा राग आला, हे कबूल करते. नाशिकच्या मुलासमोर मी नाचले तर मला बागेत नेऊन झापणारा हा माणूस, आणि स्वतः दीडशे लोकांसमोर माइक घेऊन! पण वॉकरला धरून सिंककडे जाताना पाठमोरे दिसले आणि राग टिकला नाही. यांचं काही बरंवाईट झालं तर ती कुस्ती तशीच राहून जाईल, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार, कारण पुस्तकाची एवढी घाई त्यांना आधी कधी नव्हती.

मग मी एक आगाऊपणा केला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मित्राचा नंबर होता. मी टाइप केलेलं प्रकरण त्यांना पाठवलं आणि खाली 'पंच' अशी सही करून लिहिलं की वैद्यकीय तपशील तपासून हवेत. वैद्यकीय तपशील त्यात एका आजारी आईपलीकडे काही नव्हते.

दोन महिने उत्तर नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. डॉक्टरांनी वॉकरच्या पिशवीतून मीठ काढलं आणि मी दार उघडलं. बाहेर एक अवाढव्य म्हातारा उभा, हातात छापलेली ऐंशी पानं.

"मीठ टाकू नकोस," तो आत बघत म्हणाला. "बीपी आहे मला."

डॉक्टरांची मूठ तशीच राहिली. त्यांना वाकायचंही सुचलं नाही.

मित्र किचनमध्ये आले, खुर्ची ओढून बसले, पानं टेबलावर आपटली. लाल पेनाची एकच खूण होती, अगदी शेवटच्या पानावर. समासात लिहिलं होतं: 'आणि तो दुसरा?'

"ऐंशी पानं," मित्र म्हणाले. "तुझा पैलवान काय विचार करत होता, कसा पडला, पडताना आकाश कसं दिसलं. त्या दुसऱ्याबद्दल काय, तर किडकिडीत होता. दॅट्स इट? तो घरी जाऊन आईला म्हणाला असेल ना, की आई, मी त्याला पाडला?"

"मला वाटलं होतं, मी तुला काहीतरी दिलं," डॉक्टर म्हणाले.

"दिलंस ना. आणि मग परत घेतलंस. माइकवरून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ही पंच का? बरं झालं." आणि कोटाची बाही वर सारून त्यांनी टेबलावर कोपर टेकलं, पंजा उघडला. "ये. एकदा खरी होऊन जाऊ दे."

मी म्हणाले, "अहो काका, त्यांचं हिप..."

"हिपने लढायचं नाहीये," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि त्या भल्यामोठ्या हातात आपला हात दिला. मी दोन्ही मुठींवर हात ठेवला, आणि काढला.

जरा वेळ काहीच हललं नाही. डॉक्टरांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मग मित्रांचा हात थरथरला, कलला, आणखी कलला, आणि टेबलाला टेकला. डॉक्टर हसले. जिंकल्यावर चेहरा न हलवणारा तो माणूस चौथीतल्या पोरासारखा तोंडभर हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पंच, बघितलंत?"

बघितलं होतं. त्यांनीही बघितलं होतं, फक्त ते कळायला जरा वेळ लागला. आधी ओठ मिटले, मग भुवया खाली आल्या. त्यांनी टेबलावर आडवा पडलेला तो जाडजूड, निवांत हात पाहिला.

"सोडलास," ते म्हणाले.

"हो."

"मुद्दाम."

"हो. कसं वाटतंय?"

डॉक्टरांनी आपला हात मागे घेतला. मग म्हणाले, "वाईट. फार वाईट वाटतंय रे."

"मला पंचवीस वर्षांचं एकदम वाटलं होतं," मित्र म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हातात पनीरची प्लेट होती. नातू समोर बसला होता. मी त्याला नेहमी सांगायचो, सगळ्यात हुशार माणसाला हरवून मी ती जागा मिळवली म्हणून."

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले.

मला रडू येत होतं म्हणून मी उठून किटली भरायला घेतली.

"पंच," डॉक्टरांनी हाक मारली. "कॅलेंडर."

मी ते भिंतीवरून काढून आणलं आणि मेचं पान उलटलं. अठराच्या चौकटीत जानेवारीपासूनचा त्रिकोण होता. मला वाटलं, आता ते पांढरं वर्तुळ काढायला सांगतील. हात तर मित्राचाच टेकला होता.

"काळं काढा," ते म्हणाले. "माझं."

मी त्रिकोणावर काळं वर्तुळ भरायला घेतलं, पण त्रिकोणाची टोकं बाहेर राहत होती. मित्रांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा वर केला आणि ती टोकं स्वतः नीट भरून काढली. मग म्हणाले, "चहात साखर नको. आणि ते पातेल्यात काय आहे?"

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ते प्रकरण फाडून टाकलं आणि त्या दुसऱ्या पैलवानावर नवं लिहायला घेतलं. त्याच्याबद्दल माहिती जवळजवळ नाहीच, त्यामुळे पुस्तक अजून संपलेलं नाही. आता टायपिंग मित्र करतात आणि एकेका वाक्यावरून भांडतात, असं शेजारच्या बाई मला कळवतात.

मी नोकरी बदलून साउथहॅम्प्टनला आले. इथेही ऑक्टोबरात लस घेते, आणि देणारीला नमस्कार करते. या मेमध्ये मला राहवलं नाही, मी डॉक्टरांना कॅलेंडरचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो वाकडा आला होता, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. अठरा तारखेच्या चौकटीत त्रिकोण नव्हता, वर्तुळही नव्हतं. नुसतं लिहिलं होतं: ब्राऊन बिन.